शंका-समाधान : फ्रंट लोड मशीनमध्ये साबण नीट निघतो का?

शंका : दारातून पाहते तर ड्रमच्या तळाशी जेमतेम पाणी. पूर्वी मी तीन बादल्यांत कपडे खळबळायचे. एवढ्याशा पाण्यात साबण कसा निघेल? मन मानत नाही, म्हणून पावडरच्या कप्प्यातून तांब्याने पाणी ओतते. मशीन बिघडेल का?
(गृहिणी, गारखेडा)

समाधान : तुमची शंका रास्त आहे. पण फ्रंट लोडमध्ये कपडे पाण्यात बुडवून ठेवायचे नसतात. आडवा ड्रम त्यांना वर उचलतो आणि खालच्या पाण्यात आपटतो. साबण किती निघेल हे पाण्याच्या खोलीइतकेच मधल्या पिळण्यावर ठरते. समजा, न पिळलेल्या कपड्यांत 15 लीटर साबणपाणी आहे आणि तुम्ही 30 लीटर स्वच्छ पाणी घातले, तर साबणाचे प्रमाण एक तृतीयांशावर येते. तेच कपडे पिळून 5 लीटर पाणी उरले, तर 10 लीटरमध्ये तेवढेच काम होते. अशा तीन फेऱ्यांनंतर सत्ताविसावा भाग उरतो.

तांब्याभर पाण्याने मशीन बिघडणार नाही, पण त्याची गरजही नाही. पाणी जास्त यावे म्हणून प्रेशर स्विचला (पाण्याच्या दाबावरून पातळी ओळखणारा भाग) मात्र हात लावू नका. खात्री हवी असेल तर धुतलेला एक टॉवेल बादलीतल्या स्वच्छ पाण्यात पिळून पाहा. पाणी बुळबुळीत लागले किंवा फेस टिकला, तरच ‘एक्स्ट्रा रिन्स’ लावा आणि पुढच्या वेळी पावडर कमी करा.

शंका : आमच्याकडे बोअरचे पाणी. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे उमटतात, टॉवेल कडक होतात. बाळाच्या पाठीवर पुरळ आले आहे. साबण राहिल्यामुळेच झाले असेल का? फार घाबरलो आहोत.
(सातारा परिसर)

समाधान : आधी बाळाबद्दल. पुरळ घामाने, बुरशीने किंवा इतर कारणांनीही येते. कपडे पाहून निदान होत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप असेल किंवा पुरळातून पाणी येत असेल तर त्याच दिवशी न्या. तोवर बाळाचे कपडे वेगळे, कमी साबणात आणि जास्तीच्या एका खळबळणीने धुवा.

पट्टे बहुधा दोन कारणांनी उमटतात : न विरघळलेली पावडर किंवा पाण्याचा जडपणा (त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार). आपल्याकडच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 लीटरमागे 200 मिलिग्रॅम जडपणा इष्ट मानते. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्रंट लोडसाठीचा द्रवरूप साबण वापरा आणि ड्रम ठासून भरू नका.

शंका : सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मशीन पाणी घ्यायला फार वेळ लावते, मग थांबून एरर दाखवते. बोर्ड गेला असेल, मोठा खर्च येईल, असे शेजारी म्हणतात.
(सिडको)

समाधान : बोर्डावर संशय घेण्याआधी दाब पाहा. बहुतेक मशीनना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो. त्यासाठी टाकीतले पाणी मशीनपेक्षा 3 ते 5 मीटर उंच हवे. वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी तेवढी उंच नसते, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस लांबून ती रिकामी होत आली की दाब आणखी घटतो.

मग जाळी पाहा. प्लग काढा, नळ बंद करा आणि मागचा पाइप सोडवा. तोंडाशी लहानशी जाळी असते. टँकरच्या पाण्याचा गाळ आणि क्षार तिथेच साचून तपकिरी थर धरतात. ती पकडीने ओढून जुन्या टूथब्रशने घासा. फरक पडला नाही तर प्लंबरकडून प्रेशर पंपाची चौकशी करा. तरीही एरर आली तर सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ बोलवा. मशीनला हात लावताना झिणझिण्या आल्या तर ते वापरणे लगेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

शंका : नाथसागर जलाशय भरलेला असला तरी आमच्या नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते. म्हणून मशीनचा पाइप जमिनीवरच्या टबात सोडून ते पाणी फरशीला वापरते. हल्ली कपड्यांना साबण राहतो. माझी काटकसरच नडते का?
(हडको)

समाधान : काटकसर योग्यच आहे, फक्त पाइपाची जागा बदला. त्याचे तोंड खाली सोडले की ड्रममध्ये भरलेले पाणी आपोआप बाहेर ओढले जाते. खळबळायला पाणी पुरत नाही आणि साबण राहतो. पाइप जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर उंचीवर अडकवा. नेमकी उंची माहितीपुस्तिकेत असते. उंच पिंपाच्या काठाला तो घट्ट बांधता येईल, पण टोक साठलेल्या पाण्यात बुडू देऊ नका. पहिले पाणी साबणाचे असते, ते संडासात ओता. शेवटच्या खळबळणीचे फरशीसाठी ठेवा.

सर्वच वाचकांना विनंती : साबण राहतो असे वाटले की आधी पावडर कमी करा, मग जाळी आणि पाइप पाहा. बहुतेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात.