सरकारी दाव्यांचा खर्च व त्यावरील देखरेख

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ही म्हण व्यक्तीला उद्देशून आहे. शासनसंस्थेला ती लागू करता येत नाही, कारण शासनाला कर वसूल करावे लागतात, जमिनी संपादन कराव्या लागतात, परवाने द्यावे आणि रद्द करावे लागतात, आणि या प्रत्येक कृतीविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे. त्यामुळे वकिलांवर होणारा खर्च हा लोकशाही शासनाच्या नित्य खर्चांपैकी एक होय. प्रश्न एवढाच उरतो की हा खर्च कोण मंजूर करतो, कोण तपासतो, आणि त्यातील कोणता भाग तपासणाऱ्याच्या दृष्टीस पडतच नाही.

हा विषय सचिवालयाच्या टिपणांतून समजून घेण्यापेक्षा एखाद्या प्रत्यक्ष स्थळावरून समजून घेणे सोपे जाते. बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याला लागून असलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र या दृष्टीने सोयीचे आहे. १९७०च्या दशकात हे क्षेत्र आकारास आले. त्या दशकाच्या आरंभी येथील काही औद्योगिक शेडमध्ये उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली ‘आर्यभट्ट’ या पहिल्या भारतीय उपग्रहाची बांधणी झाली आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात सोडण्यात आला. पुढे लेथ, मुलामा देण्याचे कारखाने, साचे बनविणाऱ्या टूल रूम, तयार कपड्यांचे कारखाने अशा शेकडो लहानमोठ्या उद्योगांनी हा परिसर भरून गेला. २०१४ पासून मेट्रो रेल्वेही येथवर येते. हा परिसर उभा राहिला तो शेतजमिनीवर, आणि त्या जमिनी संपादन करण्याचे साधन होते १९६६चा कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायदा.

या कायद्याच्या २८व्या कलमान्वये शासन प्रथम प्राथमिक अधिसूचना काढते, हरकती ऐकते, नंतर अंतिम घोषणा करते आणि जमीन शासनाकडे निहित होते. त्यानंतर ती औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाकडे सोपविली जाते. भरपाईबाबत एकमत न झाल्यास १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या तरतुदी लावाव्यात, असे या कायद्यात म्हटले होते. जमीनमालकाला विशेष भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा मान्य नसेल, तर तो दिवाणी न्यायालयाकडे निर्देश करण्याची मागणी करी. तेथून उच्च न्यायालय, आणि क्वचित सर्वोच्च न्यायालय. येथेच वकिलाची गरज निर्माण होते आणि येथूनच आपल्या विषयाला आरंभ होतो.

सरकारी वकिलाच्या बिलाचा प्रवास साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. संबंधित खाते प्रकरणाचे कागद विधी विभागाकडे पाठविते. विधी विभाग मत देतो आणि वकील नेमला जातो. उच्च न्यायालयातील कामावर महाधिवक्त्याचे नियंत्रण असते. राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदाने हे पद निर्माण केले आहे. कर्नाटकात विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुका व सेवाशर्ती १९७७च्या नियमांनी ठरविल्या, महाराष्ट्रात त्याच स्वरूपाचे नियम १९८४ साली झाले. फीचे दर शासन आदेशाने ठरलेले असतात. सुनावणी झाल्यावर वकील बिल सादर करतो, कार्यालय ते रोजनाम्याशी ताडून पाहते आणि कोषागारातून रक्कम अदा होते. यातील ताडून पाहण्याची पायरी वाटते तितकी साधी नाही. प्रकरण पुकारले गेले आणि केवळ पुढची तारीख पडली, तर ती सुनावणी मानावयाची काय? एकाच मुद्द्यावरची चाळीस प्रकरणे एकत्र चालली, तर फी एकदा द्यावयाची की चाळीसदा? दरपत्रकांत यासाठी नियम असतात, परंतु ते लावण्याचे काम ज्या कारकुनाकडे असते त्याच्यापुढे न्यायालयाचा रोजनामा नसतो, केवळ बिल असते.

अर्थसंकल्पात या खर्चाला स्वतंत्र जागा आहे. ‘न्यायदान’ या २०१४ क्रमांकाच्या मुख्य शीर्षाखाली विधी सल्लागार व वकील यांच्यासाठी उपविभाग असतो. मंडळे, महामंडळे आणि कित्येक खाती मात्र आपापल्या निधीतून वकिलांना पैसे देतात, म्हणून संपूर्ण शासनाचा विधिखर्च किती, याचे उत्तर एका शीर्षावरून मिळत नाही. २०१४ या शीर्षाखालचा खर्च मुख्यतः दत्तमत, म्हणजे विधिमंडळाने मतदानाने मंजूर केलेला असतो. परंतु न्यायालयाचा निवाडा वा हुकूमनामा पुरा करण्यासाठी लागणारी रक्कम घटनेच्या २०२व्या अनुच्छेदानुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते. भारित खर्चावर विधिमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. घटनाकारांचा हेतू उघड आहे: न्यायालयाने दिलेला पैसा द्यावा की नाही हे बहुमताच्या लहरीवर सोडता येणार नाही. तथापि या योग्य तरतुदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. वकिलाची काही हजारांची फी मतास टाकली जाते, आणि त्याच दाव्यात शासन हरल्यावर द्यावी लागणारी लाखोंची रक्कम मताविना जाते.

या दोन रकमांचे प्रमाण समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडून पाहू. समजा, पीण्याच्या एखाद्या संपादित शेताबद्दल न्यायालयाने भरपाईत एक लाख रुपयांची वाढ केली. १९८४च्या दुरुस्तीनंतर या वाढीवर ३० टक्के दिलासा रक्कम मिळू लागली, म्हणजे १,३०,००० रुपये झाले. ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के व पुढे दरवर्षी १५ टक्के व्याज द्यावे लागे. दिलासा रकमेवरही हे व्याज देय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली ‘सुंदर’ या खटल्यात ठरविले. तेव्हा पहिल्या वर्षाचे व्याज ११,७०० रुपये आणि नंतर प्रतिवर्षी १९,५०० रुपये. ताबा घेतल्यापासून बारा वर्षांनी रक्कम दिली, तर नुसते व्याज २,२६,२०० रुपये होते आणि एकूण देणे ३,५६,२०० रुपये. १२ टक्क्यांची जी आणखी एक वाढीव रक्कम कायद्यात होती ती सोयीसाठी येथे धरलेली नाही. या बारा वर्षांत वकिलाला वीस हजार रुपये दिले गेले असे मानले, तरी व्याज त्याच्या अकरा पटींहून अधिक आहे. सरकारी वकिलाने तयारी नसल्यामुळे मागून घेतलेली तीन महिन्यांची एक तारीख ४,८७५ रुपयांना पडते. तिची नोंद कोणत्याही बिलात नसते.

हे पैसे अखेर कोण देतो? जमीन मंडळासाठी घेतलेली असते, म्हणून वाढीव भरपाईचा भार मंडळावर येतो. मंडळ भूखंड देताना उद्योजकाशी भाडेपट्टा-नि-विक्रीचा करार करते आणि त्यात आरंभीची किंमत तात्पुरती असते. अंतिम किंमत मागाहून ठरते. ज्याने दोन लेथ घेऊन शेड उभारली, कर्ज फेडले, मुलगा हाताशी आला, त्याला बऱ्याच वर्षांनी पत्र येते की भूखंडाच्या किमतीत फरक पडला असून तो भरल्यावाचून विक्रीखत होणार नाही. त्या दाव्यात हा मनुष्य पक्षकार नव्हता. शासनाचा वकील हजर होता की नाही, अपील वेळेत झाले की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्या टोकाला मूळ शेतकरी असतो, ज्याला वाढीव रक्कम आयुष्याच्या उत्तरार्धात मिळते. वकिलाच्या फीवरील देखरेख हा केवळ हिशेबनिसांचा विषय नाही, असे म्हणावयाचे ते यासाठी.

आता देखरेखीकडे वळू. पहिला अडसर दावा दाखल होण्यापूर्वीचाच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८०व्या कलमानुसार शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शासनाने या अवधीत विचार करावा आणि मागणी रास्त असल्यास ती मान्य करून खर्च टाळावा, हा तिचा उद्देश. प्रत्यक्षात नोटिसांना उत्तरेच जात नाहीत, हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की विधी आयोगाने हे कलम वगळण्याची शिफारस केली होती. १९७६च्या दुरुस्तीत ते ठेवण्यात आले, मात्र तातडीच्या प्रकरणी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा लावण्याची सोय झाली. २००५ साली सेलम वकील संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व शासनांना नोटिसांची उत्तरे देण्यासाठी जबाबदार अधिकारी नेमण्यास सांगितले. ज्या कलमाने शासनाचा विधिखर्च सर्वांत स्वस्तात वाचला असता, ते पुष्कळ ठिकाणी केवळ आवक नोंदवहीतील एक ओळ होऊन राहिले.

दुसरा टप्पा अपिलाचा. हरल्यानंतर अपील करावे की नाही, हा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. अपील न केल्यास पुढे लेखापरीक्षक विचारील की शासनाचे नुकसान का होऊ दिले. अपील केल्यास कोणीही काही विचारणार नाही, कारण व्याज पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत चढते. मनुष्यस्वभाव पाहता तो कोणती वाट धरील हे सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने अशा अपिलांवर वारंवार कठोर शब्दांत टीका केली आहे. मध्य प्रदेश शासनाने भेरूलाल यांच्याविरुद्ध ६६३ दिवस उशिरा आणलेली याचिका ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळताना न्यायालयाने पंचवीस हजार रुपयांचा खर्च बसविला आणि तो विलंबास जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सांगितले. काही अपिले केवळ ‘वरच्या न्यायालयाने फेटाळले’ असे प्रमाणपत्र मिळवून प्रकरण बंद करण्यासाठीच आणली जातात, असे निरीक्षणही त्यात आहे.

करखात्याची आकडेवारी याच दिशेने बोट दाखविते. २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार अपिलांत खात्याला मिळणारे यश ३० टक्क्यांहून कमी होते. प्रत्यक्ष कराच्या प्रलंबित प्रकरणांपैकी ६६ टक्के प्रकरणे प्रत्येकी दहा लाख रुपयांहून कमी रकमेची होती, आणि अडकून पडलेल्या एकंदर रकमेत त्यांचा वाटा अवघा १.८ टक्के होता. पीण्यासारख्या क्षेत्रातील लहान कारखानदार या दोन तृतीयांशांत मोडतो. त्याच्याविरुद्ध अपील चालविण्यास वकिलाची फी तितकीच लागते, जितकी मोठ्या कंपनीविरुद्ध. यावर उपाय म्हणून अपिलासाठी किमान रकमेची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये ती प्राप्तिकराच्या बाबतीत अपील न्यायाधिकरणासाठी ६० लाख, उच्च न्यायालयासाठी २ कोटी आणि सर्वोच्च न्यायालयासाठी ५ कोटी रुपये करण्यात आली. अधिकाऱ्याच्या विवेकावर न सोडता आकड्याने घातलेला हा बांध बराच उपयोगी ठरतो, कारण अपील न केल्याचा दोष त्यामुळे कोणा एकावर येत नाही.

वकील कोणता नेमावा, याविषयी मात्र आकड्यांनी काम भागत नाही. उत्तर प्रदेश शासनाने एका फटकाऱ्यात सर्व जिल्हा सरकारी वकिलांच्या नेमणुका संपविल्या, तेव्हा ‘श्रीलेखा विद्यार्थी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश मनमानी म्हणून रद्द केला. मार्च २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा यांच्या संदर्भात त्याच न्यायालयाने म्हटले की विधी अधिकाऱ्यांची निवड हा सार्वजनिक पैशाचा प्रश्न असून ती गुणवत्तेच्या पारखीवाचून होऊ नये. फीचा दर कितीही काटकसरीने ठरविला, तरी ज्याला दावा चालविता येत नाही अशा वकिलाला दिलेली कमी फी ही सर्वांत महाग फी होय. दरपत्रकातील दर कमी ठेवून नंतर एखाद्या प्रकरणी विशेष वकील भरमसाट फीवर आणावयाचा, ही रीतही बऱ्याच राज्यांत दिसते. तिचा हिशेब त्या त्या प्रकरणाच्या स्वतंत्र आदेशात असतो, दरपत्रकात नव्हे.

खर्च झाल्यानंतरची तपासणी महालेखापालांच्या कार्यालयाकडून होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्यविषयक अहवाल १५१व्या अनुच्छेदानुसार राज्यपालांकडे जातात, विधिमंडळापुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांवर सचिवांची साक्ष घेते. लेखापरीक्षक प्रमाणक, मंजुरी आणि दर पाहतो. विलंबामुळे वाढलेले व्याज हा टाळता येण्याजोगा खर्च म्हणून तो दाखवू शकतो, आणि अशा परिच्छेदांचे मोल मोठे असते. पण वकिलाचा युक्तिवाद चांगला होता की नाही हे त्याला ठरविता येत नाही, आणि ते त्याने ठरवूही नये.

म्हणून प्रकरणांची एकत्रित नोंद हा देखरेखीचा खरा पाया होय. केंद्र शासनाने २०१० मध्ये, कर्नाटकाचेच वीरप्पा मोईली विधिमंत्री असताना, राष्ट्रीय दावा धोरण जाहीर केले. शासनाने जबाबदार पक्षकार व्हावे, असे त्याचे सूत्र होते. २०१५ पासून केंद्रीय मंत्रालयांची प्रकरणे एका संगणकीय प्रणालीत नोंदविली जाऊ लागली. कर्नाटकाने २०२३ मध्ये सरकारी दावे चालविण्याबाबत स्वतंत्र कायदा केला. अशा नोंदवहीत प्रकरणाची तारीख, वकिलाचे नाव आणि दिलेली फी या रकान्यांसोबत रोज चढणाऱ्या व्याजाचाही एक रकाना असला, तर पीण्याच्या त्या कल्पित शेताच्या प्रकरणी त्यात दररोज सुमारे ५३ रुपयांची भर पडताना दिसली असती.