प्रेक्षक : पाहुणा की वाटेकरी?

नाटक म्हटले की पडदा, रंगमंच आणि समोर अंधारात बसलेला प्रेक्षक हे चित्र डोळ्यांपुढे येते. ही सीमारेषा पुसून प्रेक्षकाला नाट्यस्थळातच वावरू देणाऱ्या प्रकाराला 'इमर्सिव्ह थिएटर' म्हणतात. त्याची वाटचाल पाहताना एक प्रश्न उभा राहतो : आत आलेल्या प्रेक्षकाला अधिकार किती?

१९६८ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड शेखनर यांनी युरिपिडीझच्या 'बॅकी' या शोकांतिकेवरून 'डायोनायसस इन सिक्स्टीनाइन' बसवले. एका गॅरेजात खुर्च्यांऐवजी लाकडी मनोरे होते. प्रेक्षक त्यांवर किंवा जमिनीवर, नटांच्या शेजारीच बसत. एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी, पेन्थियस राजाचा बळी जाऊ द्यायचा नाही, असे ठरवून त्या नटाला उचलून बाहेर नेले! शेवटी प्रेक्षकांतलाच एकजण पेन्थियस झाला आणि नाटक पुढे गेले. मात्र काही प्रेक्षक नटनट्यांशी अतिप्रसंग करू लागल्याने एक प्रवेश बदलावाही लागला. मोकळीक दुधारी असते ती अशी.

लंडनच्या 'पंचड्रंक' या संस्थेने यावर निराळा तोडगा काढला. 'मॅकबेथ'वर आधारलेला त्यांचा 'स्लीप नो मोअर' न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालला. २०१६ साली तो शांघायमध्येही सुरू झाला. अनेक मजली इमारतीतील खोल्याखोल्यांतून प्रेक्षक हवे तसे हिंडत. साधारण तासाभराचे कथाचक्र पुन्हा पुन्हा फिरत असल्याने एकदा मॅकबेथमागे, तर पुढच्या फेरीत त्याच्या पत्नीमागे जाता येई. पण प्रेक्षकाने पांढरा मुखवटा घालायचा व तोंडातून शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. डंकनचा खून हातभर अंतरावरून पाहावा. थांबवता मात्र येत नाही. पायांना स्वातंत्र्य मिळाले, हातांना नाही. तरीही प्रेक्षकांच्या गैरवर्तनाच्या नटांनी केलेल्या तक्रारी २०१८ साली प्रसिद्ध झाल्याच. म्हणजे नुसत्या नियमांनी हा प्रश्न सुटला नाही.

तिसरी वाट ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. त्यांच्या 'फोरम थिएटर'मध्ये अन्यायाचा एक प्रसंग आधी जसाच्या तसा दाखवतात. दुसऱ्यांदा दाखवताना कोणीही प्रेक्षक 'थांबा!' म्हणून पीडिताच्या जागी उभा राहतो आणि वेगळा मार्ग करून पाहतो. पश्चिम बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेली 'जन संस्कृति' ही संस्था खेड्यापाड्यांत हे काम करीत आहे. येथे ना शेकडो खोल्या लागतात, ना महागडे तिकीट. एक अंगण आणि एक खरा प्रश्न पुरतो.

या कलेचे भवितव्य केवळ भव्य इमारती व प्रकाशयोजनेच्या करामतींवर ठरेल, असे मला वाटत नाही. त्या पैशाबरोबर येतील नि पैशाबरोबर जातील. नटाची प्रतिष्ठा राखून प्रेक्षकाला काही करू देणारे नाटक मात्र टिकेल. पाहुण्याची सरबराई होते. वाटेकऱ्यावर जबाबदारी येते. ती पेलायची आपली तयारी आहे काय?