अपस्मार आणि वाहनाचा परवाना : जोखमीचा हिशेब

बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने अपस्मारावर लेख लिहावा, हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु विम्याच्या तासाला आम्ही जोखीम मोजायला शिकतो. आणि अपस्माराच्या रोग्याने गाडी केव्हा चालवावी, हा प्रश्न निम्मा वैद्यकाचा असला तरी निम्मा जोखमीच्या हिशेबाचाच आहे.

आपण मराठीत या विकाराला फेफरे किंवा फिट म्हणतो, कन्नडमध्ये 'मूर्छे रोग' म्हणतात. हे कन्नड नाव थोडे फसवे आहे. मेंदूतील विद्युतक्रियेत एकाएकी गोंधळ उडाला की झटका येतो. पण दर वेळी माणूस मूर्च्छित होऊन पडतोच असे नाही. कोणी नुसताच काही क्षण शून्यात पाहत राहतो. घरात हे ध्यानातही येत नाही. रस्त्यावर मात्र ताशी ६० कि.मी. वेगाची गाडी तेवढ्या ५ सेकंदांत ८० मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने अपस्मार असलेल्यास परवाना पूर्णपणे नाकारला होता. १९८८ चा कायदा आला, तरी अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये प्रश्न आहेच : आपणांस अपस्मार आहे काय? 'होय' लिहिले की वाट बंद. शेवटचा झटका केव्हा आला, हे विचारणारा रकानाच नाही.

आमच्या गल्लीतील एका तरुणाला चार वर्षांत एकही झटका आला नव्हता. माल पोहोचविण्याची नोकरी मिळत होती, दुचाकीचा परवाना हवा होता. एजंट म्हणाला, "'नाही' लिहून टाका." त्याने लिहिले, आणि कागदोपत्री काही उघडकीस येईल या भीतीने डॉक्टरांकडे जाणेच सोडले. गोळ्या एकदम बंद झाल्या म्हणजे झटक्याचा संभव वाढतो. म्हणजे रस्ता सुरक्षित राहावा म्हणून केलेल्या नियमाने येथे धोका वाढविला! शिवाय विम्याचा करार परम सद्भावनेवर उभा असतो. तेथे माहिती दडविणे किती महागात पडेल, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

ब्रिटनमध्येही पूर्वी सरसकट बंदीच होती. १९७० पासून तीन वर्षे झटका न आलेल्यास परवाना मिळू लागला. १९८२ मध्ये ही मुदत दोन वर्षांवर आणि १९९४ मध्ये एक वर्षावर आली. बस व ट्रकचालकांना मात्र औषधाशिवाय दहा वर्षे झटक्यावाचून काढावी लागतात. हा भेद मला प्रथम अन्यायाचा वाटला, म्हणून आकडे मांडून पाहिले. पुढील वर्षभरात झटका येण्याचा संभव मोटारचालकासाठी २० टक्के आणि बस-ट्रकचालकासाठी २ टक्के, या तेथील मर्यादा. समजा, १०० मोटारचालकांपैकी २० जणांना वर्षात एकेक झटका आला. प्रत्येक जण रोज एक तास गाडी चालवीत असेल आणि झटका दिवसरात्रीत कधीही येत असेल, तर चाकामागे येणारे झटके २० भागिले २४, म्हणजे सुमारे ०.८३. बसचालक आठ तास चाकामागे असतो : २ गुणिले ८ भागिले २४, म्हणजे सुमारे ०.६७. दोन्ही उत्तरे किती जवळ आली! त्यातून बसमध्ये पन्नास उतारू असतात, ते वेगळेच.

मुदत कमी केली तर अपघात वाढतील, ही शंका रास्त आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने १९९४ मध्ये ती १२ महिन्यांवरून ३ महिन्यांवर आणली. आधीच्या व नंतरच्या तीन-तीन वर्षांची तुलना केली, तेव्हा झटक्यांमुळे होणाऱ्या अपघातांत लक्षणीय वाढ आढळली नाही. तरीही आपल्याकडे मला एक वर्षाचीच मुदत योग्य वाटते, तीही फक्त खाजगी वाहनासाठी. डॉक्टर औषध कमी करीत असतील, तर तो काळ व त्यापुढचे सहा महिने गाडी चालवू नये, असा ब्रिटनमधील सल्ला आहे. तोही घेण्यासारखा आहे.

हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख संसदेने १९९९ साली काढून टाकला. परवान्याच्या अर्जातून तो काढावा, असे माझे म्हणणे नाही. त्या प्रश्नाखाली शेवटच्या झटक्याची तारीख आणि मेंदूविकारतज्ज्ञाची सही, एवढे दोन रकाने वाढवावेत.