पेंटर मिळेना? मग घे की ब्रश हातात!

अगं, एवढं काय टेन्शन घेतेस? दसऱ्याला पाहुणे येणार, त्यांना आपल्या गावच्या रामलीला मैदानावरचं दसऱ्याचं प्रदर्शन बघायचंय, मुक्काम तुझ्याकडे आणि पेंटर म्हणतो दिवाळीनंतर बघू. म्हणू दे. दोन खोल्या तुम्ही घरचे मिळून आरामात रंगवाल. आणि बायकांनी भिंतीला हात लावणं आपल्याकडे काही नवं नाही बघ. घट बसायच्या आधी आपल्या आज्या पांढऱ्या मातीनं अख्खं घर पोतारायच्या. त्यांनी कुठं पेंटर बोलावला होता?

खरं सांगू का, रंग मारणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी मेहनत भिंत तयार करण्यात आहे, आणि घाईत सगळे तीच टाळतात.

आधी ओल बघ. पावसाळा आत्ता कुठं सरतोय. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटव आणि दुसऱ्या दिवशी काढ. आतून पाणी धरलं असेल तर ती भिंत यंदा सोड. गच्चीची भेग, गळका नळ, जे काही असेल ते आधी दुरुस्त होऊ दे, मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू दे. लोणा लागलेल्या भिंतीवर कितीही महागाचा रंग मारलास तरी पोपडे येणारच.

भिंत कोरडी असेल तर तळहात फिरवून बघ. हाताला पांढरी भुकटी लागली म्हणजे जुना चुना सुटलाय. थोडं पाणी मारून तो पत्र्यानं खरवड, म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला ओढणी घट्ट बांध. स्वयंपाकघरातला तेलकटपणा साबणाच्या पाण्यानं धुऊन काढ, त्यावर रंग धरत नाही. भेगा, खिळ्यांची भोकं लांबीनं भर, वाळली की पॉलिश पेपर मार, ओल्या फडक्यानं पूस आणि मग प्रायमरचा एक हात.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं ऐक. दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइल पेंट कोरडा घासू नकोस. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाला. तुझ्या घराची दारं त्याआधीची. घासायचंच असेल तर वॉटर पेपर घेऊन ओलं घास, आणि मुलांना तेवढा वेळ मावशीकडे धाड.

आता किती रंग आणायचा? घाबरू नकोस, साधा हिशेब आहे. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे चार भिंती मिळून 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की 400 धर. इमल्शनच्या दोन हातांना साधारण 6 लिटर लागेल. तरी डब्यावर छापलेला आकडा वाच, कंपनीप्रमाणे फरक पडतो. मशीनवर शेड बनवून घेणार असशील तर सगळा रंग एकदमच घे आणि शेडचा नंबर लिहून ठेव. नंतर आणलेला डबा जरासा वेगळा निघाला की भिंतीवर लगेच कळतं.

शेड कार्डावर दिसते त्याहून एक नंबर फिकीच निवड. मी हौसेनं पिवळा लावला, तर सासूबाई म्हणाल्या, “वसमतच्या हळदीचं पोतं फुटलं की काय गं?” म्हणून आधी भिंतीवर हातभर पट्टा मारून दिवसा आणि रात्री ट्यूबलाइटमध्येही बघून घे.

रंगवताना वरून खाली ये. मेन स्विच बंद करून बोर्डाच्या कडेनं टेप लाव. कोपरे ब्रशनं, मोकळी भिंत रोलरनं. एक भिंत सुरू केलीस की संपवूनच चहाला बस, नाहीतर मधला जोड दिसतो. उंचावर पोचायला घोडा भाड्यानं आण. पलंगावर खुर्ची ठेवून चढलेलं मला चालणार नाही!

पहिल्या हातानंतर भिंत डागाळलेली दिसेल आणि तुला रडू येईल. येऊ दे. चार-पाच तास थांब, दुसऱ्या हातात सगळं भरून येतं. छत मात्र नवऱ्याच्या माथी मार. मान फार दुखते गं!