श्रवणाकडून भाषेकडे : कॉक्लिअर इम्प्लांट आणि त्यानंतरची वाटचाल

दर हजार नवजात बालकांमागे साधारणतः एक ते दोन बालकांना कायमस्वरूपी श्रवणदोष असतो. त्याची कोणतीही खूण चेहऱ्यावर दिसत नाही. मूल हसते, रांगते, आईला ओळखते. दोन वर्षांचे होऊनही बोलले नाही, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’ असे सांगून घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात. हा धीर मायेपोटी दिलेला असतो. परंतु त्यात जाणारा काळ पुढे भरून काढणे कठीण असते. असे का होते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा, सुमारे अडीच वेटोळ्यांचा कॉक्लिआ हा अवयव असतो. त्यातील सुमारे 15,000 केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशांत रूपांतर करतात. या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण तो ग्रहण करणाऱ्या पेशीच पुरेशा नसतील, तर मोठ्या आवाजाचाही फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांट पेशींना वळसा घालून श्रवणचेतेला थेट संदेश देते. कानामागील प्रोसेसर ध्वनीचे पृथक्करण करतो, चुंबकाने चिकटणारी कॉइल ते संकेत त्वचेखालील भागाकडे पाठवते आणि कॉक्लिआत बसविलेले 12 ते 22 इलेक्ट्रोड श्रवणचेतेला उद्दीपित करतात. अर्थात श्रवणचेताच नसेल, तर हा उपाय उपयोगी पडत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी स्कॅन तपासणे अनिवार्य असते.

श्रवणचेतेला विजेने उद्दीपित करण्याचा पहिला प्रयोग 1957 साली पॅरिस येथे झाला. 1978 साली मेलबर्न येथे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचे उपकरण रुग्णावर बसविले. 1990 साली अमेरिकेत दोन वर्षांवरील बालकांसाठी त्यास मान्यता मिळाली. पुढे ही वयोमर्यादा 2000 साली बारा महिन्यांपर्यंत खाली आली.

वयोमर्यादा खाली येण्याचे कारण मेंदूत आहे. मेंदूतील श्रवणकेंद्र ध्वनीच्या अनुभवातूनच घडते. पहिली सुमारे साडेतीन वर्षे त्यासाठी सर्वांत अनुकूल असतात. ध्वनी पोहोचलाच नाही, तर ते क्षेत्र हळूहळू दृष्टीसारख्या अन्य कामांकडे वळू लागते. सात वर्षांनंतर प्रथमच इम्प्लांट झालेल्या, जन्मतः कर्णबधिर मुलास आवाज जाणवतो. परंतु त्यातून बोली उलगडणे फार अवघड जाते. म्हणूनच पहिल्या महिन्यात ओएई वा बेरा चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असा दंडक जगभर मानला जातो.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू केले जाते. त्या दिवशी मूल बोलू लागेल, अशी अपेक्षा अनेक पालक बाळगून असतात. वस्तुतः त्या दिवशी मुलाचे ‘श्रवणवय’ शून्य असते. तान्हे बाळ वर्षभर ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. तितकी उसंत या मुलालाही हवी. दरम्यान यंत्राचे मॅपिंग वारंवार करावे लागते. पालकांनी दररोज आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी, आपले ओठ मुलास दिसू न देता, उच्चारून पाहावेत. कोमल ‘म’पासून तीक्ष्ण ‘स’पर्यंत बोलीतील सर्व स्वरपट्टी त्यांत सामावते. एखाद्या ध्वनीला नेहमीचा प्रतिसाद मिळेनासा झाला, तर यंत्र तपासून घ्यावे.

मराठीची एक अडचण येथे नमूद करावीशी वाटते. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ यांतील अर्थभेद शेवटच्या लहानशा, हलक्याने उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्ययांत असतो. ‘आला’ आणि ‘आली’ यांत केवळ शेवटचा स्वर बदलतो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत केवळ श्वासाचा एक झोत. हे भेद मुलाच्या कानी वारंवार, स्पष्टपणे आणि प्रसंगानुरूप पडावे लागतात. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, बाजारात भाजी निवडताना पूर्ण वाक्यांत बोलणारी आजी म्हणूनच उपचारातील मोलाची सहकारी ठरते.

इम्प्लांट हे साधन आहे. साध्य आहे ती भाषा. ज्या मुलांना इम्प्लांट शक्य नाही वा ज्यांचे कुटुंब वेगळा मार्ग निवडते, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही परिपूर्ण भाषा आहे. मूल कोणत्याही भाषेविना वाढणे, हीच खरी हानी होय.

केंद्र शासनाने 2014 साली एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश केला व मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे समन्वयाचे काम सोपविले. त्यामुळे गरजू कुटुंबांना शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा झाला. परंतु बॅटऱ्या, केबल, कॉइल, दुरुस्ती, थेरपीसाठीचा प्रवास आणि बुडणारी रोजंदारी हा खर्च वर्षानुवर्षे चालतो. तुटलेल्या केबलअभावी यंत्र पेटीत पडून राहिले, तर मूल पुन्हा निःशब्दतेत लोटले जाते. शस्त्रक्रियेसाठी दिलेली देणगी चटकन डोळ्यांत भरते. केबलसाठी दिलेली भरत नाही. तथापि पहिल्या देणगीचे सार्थक दुसरीवर अवलंबून असते. दात्यांनी या दुसऱ्या देणगीचाही अगत्याने विचार करावा, आणि ज्या घरी बाळ आवाजाला दाद देत नाही, त्या घराने वाट न पाहता तपासणीस यावे, ही नम्र विनंती.