हॅडॉक : काळ्या रेघेचा मासा

टिनटिनच्या चित्रकथांमधला तापट कॅप्टन हॅडॉक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ज्या माशाचे नाव त्याला आहे, तो मात्र आपण सहसा पाहिलेला नसतो. हॅडॉक उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात, तळाजवळ राहतो. आपला समुद्र त्याला फार उबदार, म्हणून मालवणच्या बाजारात तो मिळायचा नाही.

तो कॉडच्या कुळातला. ओळखायला सोपा आहे. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत काळी रेघ असते आणि बाजूच्या पराच्या वर, अंगठा उमटावा तसा एक काळा डाग. हा ठसा कोणी संत पीटरचा म्हणतात, कोणी सैतानाचा!

त्याचे मांस पांढरे, कमी चरबीचे आणि किंचित गोडसर असते. पण ते कॉडइतके चांगले खारवले जात नाही. म्हणून आपल्याकडच्या खाऱ्या बांगड्यासारखा तो मिठात मुरवून ठेवण्यापेक्षा त्याला धुरी देण्याची रीत रुजली. स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावी दोन-दोन मासे शेपटीला बांधून काठीवर टांगतात आणि लाकडाच्या गरम धुरात शिजवतात. २००४ पासून ‘आर्ब्रोथ स्मोकी’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, जसे आपल्याकडे हापूसला. फिंडन गावची पद्धत वेगळी. तिथे मासा चिरून थंड धुरात ठेवतात, त्यामुळे तो नंतर शिजवावा लागतो.

या धुरी दिलेल्या हॅडॉकचे आपल्याशी एक नाते आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातून खिचडी नेली, तिच्यातली डाळ काढली, हॅडॉक, उकडलेली अंडी आणि लोणी घातले आणि नाव ठेवले ‘केजरी’. ती ते न्याहारीला खातात. आमच्या मेसमधल्या खिचडीला हे समजले तर ती नक्की रुसेल.

आता जॉर्जेस बँकेची गोष्ट. अमेरिका आणि कॅनडाच्या किनाऱ्यासमोरचा हा उथळ समुद्र हॅडॉकचे माहेरच. १९६० च्या दशकात परदेशी ट्रॉलरांनी तिथे बेसुमार मासेमारी केली. १९७७ मध्ये दोन्ही देशांनी २०० सागरी मैलांची हद्द लागू केली आणि परके ट्रॉलर गेले. तरी मासा वाढेना, कारण आता घरचेच ट्रॉलर वाढले होते. माझ्या मते या इतिहासात हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. हद्दीवर पहारा बसला, पण आतल्यांना कोणी आवरले नाही.

शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेने आपल्या वाट्याचे मोठे भाग बारा महिने बंद केले. कोळ्यांचे हाल झाले. जाळी लहान माशांना सोडतील अशी करावी लागली. हॅडॉकची मोठी मादी लाखो अंडी घालते, पण त्यातली किती जगतील हे दरवर्षी वेगळे असते. २००३ साली जन्मलेली पिढी मात्र प्रचंड निघाली. इतकी, की ते मासे नेहमीपेक्षा सावकाश वाढले. गर्दी हेच त्याचे कारण मानले जाते.