फिलिडोर बचाव : एका दुर्लक्षित पद्धतीचे मूल्यमापन

शालेय बुद्धिबळ स्पर्धेत काळे मोहरे वाट्याला आले की आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणून अर्धा डाव त्याचाच, असा त्यांचा समज असतो. तो खोडून काढण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीवर मिळविलेला निर्णायक विजय काळ्या मोहऱ्यांचाच होता. आपल्या अमरावतीनेही स्वप्निल धोपाडे यांच्या रूपाने ग्रँडमास्टर दिलेला आहे. तेव्हा प्रश्न रंगाचा नसून तयारीचा आहे.

सिसिलियनसारखा बचाव प्रभावी खरा; पण त्याच्या लांबलचक खेळ्या मुखोद्गत कराव्या लागतात. त्यासाठी प्रशिक्षक हवा, संगणक हवा. ज्यांच्यापाशी एक पट, एक पुस्तक आणि रविवारची दुपार एवढेच भांडवल आहे, त्यांनी काय करावे? अशा विद्यार्थ्यांसाठी आम्ही फिलिडोर बचावाची शिफारस करतो.

फ्रान्सचा संगीतकार आणि बुद्धिबळपटू फिलिडोर याने १७४९ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. प्यादी हाच या खेळाचा प्राण आहे, हे त्याचे प्रतिपादन. त्याच्या नावाच्या बचावात पांढरा ई४ खेळतो, काळा ई५; पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येतो आणि काळा डी६ हे प्यादे एकच घर पुढे सरकवून ई५ ला आधार देतो.

मग हा बचाव बदनाम का झाला? १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फीने ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीला १७ खेळ्यांत मात दिली. तो डाव फिलिडोर बचावाचा होता आणि आजही पुस्तकापुस्तकांतून छापला जातो. इतिहासाचा अभ्यासक येथे दोन प्रश्न विचारील. हरणारे कोण होते? काळाच्या पुढे असलेल्या खेळाडूसमोर बसलेले दोन हौशी सरदार. चूक कोणत्या खेळीत होती? डी६ मध्ये नव्हे. तिसऱ्याच खेळीला उंट जी४ वर नेला, पुढे तो घोड्याच्या बदल्यात देऊन टाकावा लागला आणि पांढऱ्याचे मोहरे भराभर बाहेर आले. जेत्याच्या एका डावावरून संपूर्ण पद्धतीला दोषी ठरविणे हा एकाच साधनावर विसंबून इतिहास लिहिण्याचा प्रकार होय.

आज या रचनेकडे दुसऱ्या क्रमाने जाणे अधिक सुरक्षित मानले जाते : ई४ ला डी६, डी४ ला घोडा एफ६, घोडा सी३ ला ई५. पांढऱ्याने ई५ वर प्यादी मारामारी करून वजिरावजिरी केली, तर काळ्याचा राजा डी८ वर येतो आणि किल्लेकोटाचा हक्क जातो. घाबरू नये. पटावर वजीर उरलेले नसतात. सी६ खेळून राजाला सी७ वर आसरा मिळतो. पांढऱ्याने घोडा एफ३ वर आणला, तर काळ्याने दुसरा घोडा डी७ वर, उंट ई७ वर आणावा, किल्लेकोट करावा, सी६ खेळावे आणि वजीर सी७ वर ठेवावा. पुढे बी५ ची चढाई करता येते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काळ्याला जागा कमी मिळते. ई७ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडतो. एफ७ हे घर नाजूक राहते. पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि घोडा जी५ वर आला, की तेथे बलिदानाचा धोका असतो. त्या खेळ्यांचा सराव पटावर मोहरे मांडूनच करावा. झटपट विजय हवा असणाऱ्यांसाठी हा बचाव नाही.

परंतु त्याचे शिक्षण पाठांतरावर अवलंबून नाही. ई५ का राखायचे, कोणते मोहरे बदलायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा पुढे सरकायचे, हे समजले की अनोळखी खेळीपुढेही विद्यार्थी गोंधळत नाही. विद्यार्थी मित्रांनी येत्या सत्रात या बचावाचे निदान वीस डाव परस्परांत खेळावेत आणि प्रत्येक डाव वहीत लिहून ठेवावा. हरलेला डाव आधी लिहावा; त्यातील चुकीची खेळी नेमकी कोणती, ते शोधावे. मॉर्फीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतीत हे कष्ट फार थोड्यांनी घेतले, म्हणूनच एक चांगला बचाव दीर्घकाळ उपेक्षित राहिला.